रामशास्त्र्यांचा निवाडा आणि गारद्याची मान

राजवधाची नाटके मराठी प्रेक्षकाने फार आवडीने पाहिली. त्यांत कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'चा (१९०९) मान वेगळा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याचा खून झाला, तो या नाटकाचा विषय. आनंदीबाईत लेडी मॅक्बेथ दिसते, हे आमच्या समीक्षकांनी पुन्हा पुन्हा सांगितले. मला या दोन नाटकांच्या संदर्भात दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. राजाला मारण्याचे ठरते वरच्या दालनात. मग त्याची किंमत कोण मोजतो?

शेक्सपिअरने याचे अर्धे उत्तर रंगमंचावरच दिले आहे. डंकनला मारतो मॅक्बेथ. त्याची बायको झोपलेल्या पहारेकऱ्यांच्या अंगाला रक्त फासते आणि सकाळी मॅक्बेथच त्या दोघांना कापून काढतो. त्यांना नावेही नाहीत. परंतु ते निर्दोष आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

शनिवारवाड्यातले गारदी निर्दोष नव्हते. तलवार त्यांनीच चालवली. त्यांची वकिली मला करायची नाही. त्याच वाड्यात चापाजी टिळेकर हा सेवक धन्याला वाचवताना मारला गेला, हेही मी विसरत नाही. माझा प्रश्न निवाड्याचा आहे.

रामशास्त्री प्रभुणे राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सुनावतात, हा नाटकाचा कळस. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना सत्तेच्या तोंडावर सत्य बोलणारा माणूस रंगमंचावर उभा करणे, ही लहान गोष्ट नव्हती. खाडिलकरांचे ते बळ मी मान्य करतो. पण प्रेक्षक हा निवाडा मनात घेऊन घरी जातो आणि न्याय झाला असे समजतो. इतिहासात काय झाले? महंमद युसूफ गारदी आणि तुळाजी पवार पकडले गेले व त्यांना देहदंड मिळाला. राघोबादादाला १७८२ च्या सालबाईच्या तहाने दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक मिळाली. १७८३ साली तो कोपरगावी आपल्या मरणाने मेला. शब्दातला निवाडा धन्यासाठी आणि प्रत्यक्षातली शिक्षा चाकरासाठी!

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत संमेलनाला हा प्रवेश होत असे. वस्तीतल्या आम्हा पोरांना गुरुजी गारदी करीत. रामशास्त्र्यांची पगडी आमच्या डोक्यावर कधी आली नाही. ती यायला हवी होती असेही मला आज वाटत नाही. ज्या शास्त्राच्या आधारे राघोबाला प्रायश्चित्त सांगितले गेले, त्याच शास्त्राने आमच्या पूर्वजांना गावाबाहेर ठेवले होते. रामशास्त्री निर्भय होते, परंतु त्यांचा निर्भयपणा त्या चौकटीच्या आतला होता.

'ध चा मा' ही कथाही पाहा. आनंदीबाईने 'धरावे'चे 'मारावे' केले, हे इतिहासाने सिद्ध झालेले नाही; तरी लोकांनी ते खरे मानले. एका अक्षराने माणूस मरू शकतो, हे ज्यांच्या हाती अक्षर नव्हते त्यांच्याइतके कोणाला कळणार?

आणि हे काही पुण्यापुरते नाही. वर्धा तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात. तिथे १७७५ साली पाचगावच्या लढाईत मुधोजीने भावाला, साबाजीला मारले. १८१७ साली आप्पासाहेबाच्या इशाऱ्यावरून परसोजीचा खून झाला. गादीवर माणूस बदलला. वर्धेकाठच्या महाराची वेठ काही सुटली नाही. राजा मेल्याचा शोक त्याने कोणत्या नात्याने करावा? 'भाऊबंदकी' या शब्दात तो ना भाऊ, ना बंद.

म्हणून 'भाऊबंदकी' वाचूच नये, असे मी म्हणत नाही. अवश्य वाचावी. मात्र आमच्या नाटककाराने आणखी एक रामशास्त्री उभा करण्याच्या मोहात पडू नये. कोपरगावची नेमणूक आणि गारद्याची उडालेली मान एकाच अंकात समोरासमोर आणावी. प्रेक्षक तिथे टाळी वाजवणार नाही. निवाडा अजून व्हायचा आहे, एवढे जरी त्याला उमगले तरी ते नाटक आमचे झाले.