भरलेला पंखा

यादी या वस्तूचा मी लहानपणापासून धसका घेतला आहे. वाण्याची यादी, आहेराची यादी, नापासांची यादी. (या शेवटच्या यादीशी माझे घरोब्याचे संबंध होते.) पण संगणकाच्या कोपऱ्यात टिचकी मारली की वायफायची जी यादी उघडते, तिच्याइतकी बेभरवशाची यादी मी दुसरी पाहिली नाही. एखाद्या पुस्तकाची अनुक्रमणिका अशी असती तर परीक्षणकर्त्यांनी लेखकाला गाव सोडायला लावलं असतं. तिचं परीक्षण कुणी करत नाही, म्हणून मीच करतो.

दोष पहिला : ही यादी जागेवर बसत नाही. आपण तिसऱ्या नावावर बोट नेतो, तोवर तिसरं पाचवं झालेलं असतं आणि बोट पडतं शेजाऱ्यांच्या नावावर.

दोष दुसरा : नावं. नावाला जागा फक्त ३२ बाइट. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो; देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, मात्रा, पाय मोडणं हीही चिन्हंच. 'मणिबेली' २१ बाइटांत बसते, 'ग्रामपंचायत' ३३ मागते. एका बाइटासाठी अख्खी ग्रामपंचायत दाराबाहेर!

दोष तिसरा : कुलूप. आपल्याकडे दाराला कुलूप म्हणजे मंडळी गावाला गेली. इथे कुलूप म्हणजे परवलीचा शब्द आणा, मग आत या. आणि ज्याला कुलूप नाही ते घर पाहुणचाराचं वाटतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी अतिरेक्यांचा ई-मेल नवी मुंबईतल्या एका गृहस्थाच्या अशाच बिनकुलपी वायफायवरून गेला, आणि पोलीस आले ते त्या गृहस्थाच्या दारात. एवढी मोठी गोष्ट आणि यादीत तिच्यासाठी चिन्ह मुगाच्या डाळीएवढं!

चौथा दोष मात्र मला मणिबेलीत कळला. अक्कलकुवा तालुक्यातलं हे नर्मदाकाठचं गाव. सरदार सरोवराच्या पाण्याने १९९३ साली इथली घरं बुडवली. वर सरकलेल्या वस्तीत एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख तीच. संगणक माझा, म्हणून तज्ज्ञही मीच.

बरोबरच्यांनी आपापल्या मोबाइलवरून वायफाय सुरू केलं. यादीत चार नावं आली. शेजारी बसलेल्या गुरुजींच्या नावापुढचा पंखा भरगच्च. नाववाल्या दादांच्या पंख्याची जेमतेम एक पाकळी. मी अर्थातच भरलेला निवडला. संगणक म्हणाला, 'जोडले.' अर्ज मात्र हलेना. नावाखाली बारीक अक्षरांत 'इंटरनेट नाही' असंही उमटलं होतं म्हणे. म्हणजे अक्षता पडल्यावर पत्रिका दाखवण्यातला प्रकार. पण तेवढी बारीक अक्षरं मी हल्ली वाचत नाही. अर्धा तास मी तज्ज्ञासारखा चेहरा करून बसलो.

शेवटी ती मुलगीच म्हणाली, "काका, गुरुजींच्या फोनला टॉवर कुठंय? टॉवर त्या दादांच्या फोनला आहे. म्हणून तर त्यांनी तो वर दगडावर ठेवलाय."

तेव्हा उजेड पडला. तो पंखा इंटरनेट मोजतच नाही! माझ्या मांडीपासून गुरुजींच्या खिशापर्यंतची रेंज तेवढी तो मोजतो. पुढे रस्ता आहे की दरी, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एसटीच्या फलाटावर सर्वांत जवळ उभी असलेली गाडी उत्तम म्हणावी, मग तिला इंजिन असो-नसो, तसलाच हा न्याय.

बरं, चांगली यादी कशी असते हे आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. अक्कलकुवा हा विधानसभेचा राज्यातला १ क्रमांकाचा मतदारसंघ. इथला निरक्षर आजोबाही मतदानयंत्रापुढे गडबडत नाही. अनुक्रमांक ठरलेला, नावापुढे ओळखीचं चिन्ह, बटण दाबलं की लाल दिवा आणि आवाज, आणि आपलं मत कुठे गेलं ती चिठ्ठी सात सेकंद डोळ्यांसमोर. शिवाय २०१३ पासून 'वरीलपैकी कोणीही नाही' हीही सोय. वायफायच्या यादीने एवढंच करावं : नावं जागेवर ठेवावीत, जवळ कोण आणि पुढे रस्ता कुणाला, हे दोन वेगळ्या चिन्हांनी सांगावं, 'परवलीचा शब्द हवा', 'इथलं बोलणं कुणीही ऐकेल' असं सरळ शब्दांत लिहावं, आणि पुढचा रस्ता बंद असेल तर ते ठळक अक्षरांत कळवावं.

अर्ज त्या एका पाकळीवरून गेला, दिवस मावळता मावळता. पोचपावतीचा क्रमांक मुलीने वहीत दोनदा लिहून घेतला. माझ्यावरचा तिचा विश्वास तेवढ्यात संपला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक उघडला. त्याने आपण होऊन गुरुजींचा भरलेला पंखा शोधला आणि आनंदाने जाहीर केलं, 'जोडले.' पोरगी एका दिवसात शिकली. यंत्र माझ्यावर गेलं आहे.