थोरांच्या दारी ओशाळलेला रसिक

आवडत्या कलावंतास प्रत्यक्ष भेटू नये, असा सल्ला जाणती माणसे देत आली आहेत. आम्ही तो मानला नाही. बारामती तालुक्यातील कन्हेरी हे आमचे गाव. गावाची ओळख मारुतीच्या देवळावरून. आमच्या घराची म्हणावयाची तर रेडिओवरून. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. पुढे आमच्या घरी रेडिओ आला आणि सकाळच्या प्रहरी लागणाऱ्या शास्त्रीय गायनाने आमचे कान घडवले. गाणाऱ्यांचे चेहरे आम्हांस ठाऊक नव्हते. ते आम्ही मनानेच काढीत असू.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वी त्यांपैकी एक गायिका बारामतीस गावयास आल्या. मैफल संपताच आम्ही धीर करून आत गेलो, वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "बाई, आपली ती तोडीची रेकॉर्ड ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो." एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते, पण आम्ही त्या बंदिशीचा मुखडाही गुणगुणून दाखवला. बाई क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ती रेकॉर्ड माझी नव्हे." आणि ज्यांच्याशी त्यांची जन्मभर तुलना झाली, त्या दुसऱ्या गायिकेचे नाव त्यांनी घेतले. "ती चांगलंच गाते," एवढे बोलून त्या तानपुऱ्याला गवसणी घालू लागल्या. आम्ही पायांत वहाणा न घालताच बाहेर पडलो.

हा प्रसंग पुन्हा आठवण्याचे कारण चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट. २०२० साली व्हेनिसच्या महोत्सवात त्यास उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले आणि पुढच्या वर्षी तो घरोघरीच्या पडद्यावर आला. आमच्या थोरल्या लेकीने तो आम्हांस दाखवला. ती स्वतः गाणे शिकते. चित्रपट संपल्यावर तिने जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर शोधण्यासाठीच हा लेखप्रपंच.

कथेचा नायक शरद नेरूळकर मुंबईत एका वृद्ध गुरुजींकडे गाणे शिकतो. गुरुजींच्या गुरू माई आता नाहीत. आहेत ती त्यांची ध्वनिमुद्रित व्याख्याने. रात्री रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकलवर जाताना शरद ती कानाला लावून ऐकतो. साधना, निर्लोभ, एकांत असे माईंचे गंभीर शब्द चालू असतात आणि पडद्यावर गाडी संथ तरंगत असते. दिग्दर्शकाने मैफली तुकडे न पाडता, कॅमेरा फारसा न हलवता दाखवल्या आहेत. शरदची भूमिका आदित्य मोडक या गायकाने केली आहे, तर गुरुजींची अरुण द्रविड यांनी, ज्यांना मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांची तालीम लाभली. म्हणून गाणे खोटे वाटत नाही, आणि शरदचे अपयशही खोटे वाटत नाही. माईंना आवाज दिला आहे सुमित्रा भावे यांनी. माई पडद्यावर कोठेही दिसत नाहीत, ही या चित्रपटातील सर्वांत मार्मिक योजना होय. आमच्या रेडिओतल्या गायिकांप्रमाणे माईंचा चेहराही शरदला आणि आपल्याला मनानेच काढावा लागतो.

चित्रपटाचा गाभा एका भेटीत आहे. दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा संग्रह करणारे राजन जोशी नावाचे एक जाणकार शरदला भेटतात. शरद भक्तिभावाने ऐकावयास बसतो आणि हा गृहस्थ माईंचे व गुरुजींचे उणेदुणे एकामागून एक, मोठ्या चवीने, त्याच्यापुढे मांडतो. अखेर शरद हातातला पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. पाहणाराही अवघडून जातो. जोशींनी सांगितलेले खरे असेल, तर शरदने आपले तारुण्य कोणासाठी खर्ची घातले? येथेच आमच्या लेकीने विचारले, "बाबा, हे खरं असेल तर मग माईंचं काही ऐकायचंच नाही का?"

कॅथलिक वाचकांस येथे एका जुन्या पदाची आठवण व्हावी. १५८७ साली पोप सिक्स्टस पाचवे यांनी संतपदाच्या चौकशीत विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी नेमण्याची पद्धत पक्की केली. लोक त्यास 'सैतानाचा वकील' म्हणत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८३ साली चौकशीची रीत बदलली, तेव्हा या पदाचे जुने रूप राहिले नाही. त्या वकिलाचे काम संतास पाडण्याचे नव्हते, भाबडेपणास आवर घालण्याचे होते. शिवाय त्याच्यासमोर दुसरी बाजू उभी असे, साक्षी तपासल्या जात. राजन जोशी हा असाच वकील आहे. परंतु त्याच्यासमोर उत्तर देणारा कोणी नाही, साक्षीदार नाही, आणि माई तर केव्हाच गेल्या आहेत. आमचा या उत्तम चित्रपटावर आक्षेप आहे तो हाच. जोशींची माहिती कितपत खरी, हा प्रश्न तो प्रेक्षकाच्या मनात सोडून देतो. पण या गृहस्थाची कटुता आली कोठून, हे विचारीत नाही. आम्हांस असे वाटते की, एके काळी तोही कोणाच्या तरी दारात नमस्कार करून उभा राहिला असेल. तेथे काय घडले, हे कळले असते तर त्याच्या साऱ्या बोलण्याचे वजन करता आले असते.

कारण थोरांच्या दारात रसिक ओशाळतो, हे नित्याचेच. त्या ओशाळेपणाचे तो पुढे काय करतो, यावर सारे अवलंबून असते. आपल्या संगीताच्या इतिहासात याची बोलकी उदाहरणे आहेत.

मोगूबाई कुर्डीकर १९२० च्या सुमारास सांगलीत होत्या, पंधरा-सोळा वर्षांच्या. त्यांचा रियाज रस्त्यावरून जाणारे एक वृद्ध गृहस्थ ऐकत. एके दिवशी ते घरात आले आणि शिकवण्याची तयारी दाखवली. हे साक्षात अल्लादियाखाँ आहेत, हे त्या मुलीस प्रथम ठाऊकही नव्हते. पुढे खाँसाहेब मुंबईस गेले तेव्हा मोगूबाईही गेल्या. पण ती तालीम त्यांना सलग मिळू शकली नाही, मध्यंतरी इतर उस्तादांकडे जावे लागले. मान खाली घालावयास लावणारे प्रसंग थोडे नसतील. त्या सगळ्यांतून त्यांनी गाणे तेवढे उचलले आणि ते आपल्या लेकीच्या, किशोरीताईंच्या, गळ्यात घातले.

भीमसेन जोशी यांची गोष्ट उलट्या बाजूने पाहावी. १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. त्या भटकंतीत कलकत्त्यास पहाडी सन्याल या गायक-नटाच्या घरी, गाणे शिकावयास मिळेल या आशेने, पडेल ते काम करीत राहिले. गाणे काही फारसे मिळाले नाही. पुढे जालंधरला विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितले की सवाई गंधर्व तुझ्या गावाजवळच आहेत, आणि मुलगा माघारी फिरला. अनेक वर्षांनी कलकत्त्यात मैफल रंगली असता सन्याल अभिनंदन करावयास आले, तेव्हा पंडितजींनी त्यांना सांगितले की तुमच्या घरी काम करणारा तो पोरगा मीच. या वेळी ओशाळण्याची पाळी थोराची होती. भीमसेनजींनी ही आठवण सांगितली. तिचा सूड केला नाही.

तिसरे उदाहरण अन्नपूर्णादेवींचे. त्यांनी मैफलीत वाजवणे सोडले, ध्वनिमुद्रणास नकार दिला आणि २०१८ साली निधन होईपर्यंत मुंबईतील आपल्या घरी मोजक्या शिष्यांना शिकवले. घंटा तीनदाच वाजवावी, दार न उघडल्यास नाव-पत्ता ठेवून जावे, अशा अर्थाची पाटी त्यांच्या दारावर असे. कित्येक जण ती वाचून परतले असतील आणि त्यांतील काहींनी 'बाई फार विक्षिप्त' असेही सांगितले असेल. हरिप्रसाद चौरसिया यांनाही त्यांनी पुनःपुन्हा नकार दिला. तेव्हा नावारूपाला आलेल्या या बासरीवादकाने आपण नव्याने आरंभ करू, हे दाखवण्यासाठी बासरी धरण्याची बाजूच बदलली. आजवर ते डावखुऱ्या हातांनी वाजवीत आले आहेत ते त्यामुळे. पाटी एकच, ती वाचून कोणी गोष्ट घेऊन परतला, तर कोणी विद्या.

मराठीत कलावंतांच्या आठवणी उदंड लिहिल्या गेल्या. त्यांतील बहुतेक आरतीच्या सुरात असतात, आणि आरती संपली की तेवढ्याच चवीने कानगोष्टी सुरू होतात. बा. र. देवधरांच्या 'थोर संगीतकार' या पुस्तकाचे मोल अशा वेळी कळते. तेथे गवयांचे हट्ट, लहरी, विक्षिप्तपणा सारे आहे. पण लिहिणाऱ्याने त्यांचे गाणे मन लावून ऐकले आहे, हे ओळीओळीतून जाणवते आणि त्याचा स्वतःचा हिशेब त्यात कोठे चुकता केलेला दिसत नाही. 'द डिसायपल'च्या अखेरीस लोकलमध्ये एक फिरस्ता एकतारीवर गात जातो आणि शरद ऐकत बसलेला असतो. त्या गाणाऱ्याबद्दल त्याला काहीच ठाऊक नाही. दिग्दर्शकाने येथे काही समजावून सांगितले नाही, ते योग्यच केले.

आता लेकीचा प्रश्न. कलावंताने खरोखर कोणास दुखावले असेल, तर ते दुखावलेल्याच्या बाजूने ऐकलेच पाहिजे. सुरांच्या गोडीने त्यावर पांघरूण घालू नये. पण सांगणारा जेव्हा चवीने सांगतो, तेव्हा त्याच्या दुखण्याची जागा आधी तपासावी. असे आम्ही तिला सांगितले, आणि मग आजवर न सांगितलेली आमचीच गोष्ट सांगणे भाग पडले.

बारामतीहून परतल्यावर कन्हेरीत सर्वांनी विचारले, बाई कशा आहेत? आम्ही म्हणालो, "गर्विष्ठ आहेत. धड बोलल्यासुद्धा नाहीत." रेकॉर्डचा घोटाळा आम्ही कोणासही सांगितला नाही. पुढे पुष्कळ वर्षे रेडिओवर त्यांचा आवाज लागला की आम्ही उठून जात असू, आणि ते त्यांच्या गर्वामुळे असे स्वतःस पटवीत असू. वास्तविक त्या बाईंनी एका अडाणी रसिकासमोर आपल्या प्रतिस्पर्धी गायिकेस चांगले म्हटले होते. एवढे मोठे मन आम्ही त्यानंतर फारसे पाहिले नाही.

त्या बाई आज हयात नाहीत. लेकीने त्यांचे एक जुने ध्वनिमुद्रण मिळवले आणि आम्ही दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकले. दुसऱ्या दिवशी आमच्या एका जुन्या मित्रास गाठून आम्ही खरा प्रकार सांगितला. बारामतीची मैफल त्यास मुळीच आठवत नव्हती. बाई गर्विष्ठ होत्या, एवढे मात्र त्याला पक्के आठवत होते.