बर्लिट्झ शाळा आणि भाषांतराचा निषेध : एक पुनर्विचार

परभाषा-अध्यापनाच्या पद्धतींचा इतिहास सामान्यतः मतांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. व्याकरण-भाषांतर पद्धतीतील दोष दिसू लागले म्हणून प्रत्यक्ष पद्धती आली, तिच्यातील उणिवा जाणवल्या म्हणून मौखिक पद्धती आली, असा हा क्रम असतो. ही मते ज्या संस्थांत रुजली त्या संस्था कशा चालत, तेथील शिक्षक कोठून येत, त्यांना वेतन कोणत्या गुणाबद्दल मिळे, या प्रश्नांकडे इतिहासकाराचे लक्ष क्वचितच जाते. प्रत्यक्ष पद्धतीच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष महागात पडली आहे. विद्यार्थ्याची स्वभाषा वर्गात येऊ द्यावयाची नाही, हा या पद्धतीचा मुख्य दंडक होय. आणि तो देशोदेशी नेण्यात ज्या संस्थेचा वाटा फार मोठा होता ती संस्था म्हणजे विद्यापीठ नव्हे, सरकारी शिक्षणखातेही नव्हे, तर खाजगी शाळांचे एक आंतरराष्ट्रीय जाळे होते.

माक्सिमिलियन बर्लिट्झ (१८५२–१९२१) हा जर्मनीतून अमेरिकेत गेलेला भाषाशिक्षक. त्याने १८७८ साली ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे पहिली शाळा काढली. संस्थेत सांगितली जाणारी उत्पत्तिकथा अशी : निकोलस जॉली नावाचा एक फ्रेंच साहाय्यक नेमला गेला, त्याला इंग्रजीचा गंधही नव्हता, तशात बर्लिट्झ आजारी पडला, जॉलीने निरुपायाने वस्तू दाखवून आणि हातवारे करून वर्ग चालविला, काही आठवड्यांनी बर्लिट्झ परतला तो विद्यार्थी फ्रेंच बोलू लागले होते. कथा सुरस आहे. परंतु व्याकरण आणि शब्दकोश यांवाचून जिवंत भाषा कशी शिकवावी याविषयीचे लांबेर सोव्हर याचे पुस्तक १८७४ मध्येच प्रसिद्ध झाले होते, आणि सोव्हरने जेथे आपली शाळा चालविली ते बॉस्टन प्रॉव्हिडन्सपासून फार दूर नाही. तेव्हा पद्धतीचा शोध आजारपणामुळे लागला असे मानण्याचे कारण उरत नाही. कथेचे महत्त्व निराळे आहे. तिच्यातील आदर्श शिक्षक कोण, तर ज्याला विद्यार्थ्यांची भाषा मुळीच येत नाही तो! अज्ञान हाच येथे गुण ठरला आहे, आणि शाळांचा पुढील सारा विस्तार या गुणावर उभा आहे.

१९१४ पर्यंत बर्लिट्झ शाळांची संख्या सुमारे दोनशेवर गेली होती. एवढ्या शाखा एकाच नावाने चालवावयाच्या तर प्रत्येक शाखेत तेच पुस्तक, तोच क्रम आणि कोठेही चालेल असा शिक्षक हवा. जेम्स जॉइसचे उदाहरण प्रसिद्ध आहे, पण ते सहसा वाङ्मयेतिहासातच सांगितले जाते. १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये तो नोकरीच्या आशेने झुरिकच्या शाळेत पोहोचला. तेथे जागा नव्हती. त्याला त्रिएस्तेला धाडण्यात आले. तेथेही जागा नव्हती. अखेर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या आरमाराचे ठाणे असलेल्या पोला येथे (आजचे क्रोएशियातील पुला) नवी शाखा निघत होती, तेथे त्याची सोय झाली, आणि १९०५ च्या मार्चमध्ये तो पुन्हा त्रिएस्तेला आला. विल्फ्रेड ओवेन हा कवीही १९१३–१४ मध्ये बोर्दोच्या शाखेत शिकवीत होता. पोलामध्ये ज्याचा उपयोग होता त्याचा झुरिकमध्येही तेवढाच झाला असता, आणि म्हणूनच त्याला इकडून तिकडे पाठविता येत होते. शाखेगणिक बदलणारी गोष्ट एकच : विद्यार्थ्यांची भाषा. तिचे ज्ञान आवश्यक मानले असते तर पोलाचा शिक्षक बोर्दोला निरुपयोगी ठरला असता. ते ज्ञान अनावश्यक, किंबहुना हानिकारक, असे ठरविण्यात व्यवस्थापनाची केवढी सोय होती हे निराळे सांगावयास नको. भाषांतराच्या निषेधामागील व्यापारी सोयीकडे गाय कुक याने २०१० मध्ये भाषांतराच्या पुनःस्थापनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात लक्ष वेधले आहे. तथापि एखादे मत सोयीचे आहे एवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. त्याची भाषाशास्त्रीय बाजू स्वतंत्रपणे तपासली पाहिजे.

बर्लिट्झने आपल्या पुस्तकांतून भाषांतराविरुद्ध तीन कारणे दिली आहेत. भाषांतरात बहुतेक वेळ स्वभाषेतील स्पष्टीकरणात जातो. भाषांतराने शिकणारा नव्या भाषेत विचार करू शकत नाही. आणि कोणत्याही दोन भाषांतील शब्द परस्परांशी तंतोतंत जुळत नसल्यामुळे स्वभाषेच्या द्वारे मिळालेले ज्ञान सदोष राहते. पहिले कारण अतिरेकाविरुद्ध आहे, वापराविरुद्ध नव्हे. दुसऱ्यात साध्य आणि साधन यांची गल्लत आहे : परभाषेत विचार करणे हे शिक्षणाचे फळ आहे, ते पहिल्या दिवसाची अट होऊ शकत नाही. प्रौढ विद्यार्थ्याला बालकाच्या जागी बसविल्याने बालकाची शक्ती त्याला लाभत नाही आणि स्वतःची मात्र वापरता येत नाही, असा आक्षेप हेन्री स्वीटने १८९९ मध्येच घेतला होता. तिसरे कारण सर्वांत वजनदार आहे. पण ते बर्लिट्झच्या विरुद्धच जाते. दोन भाषा जेथे जुळत नाहीत तेथेच विद्यार्थी चुकणार; मग त्या जागा ज्याला ठाऊक आहेत असाच शिक्षक हवा, आणि त्या ठाऊक होण्यास दोन्ही भाषा आल्या पाहिजेत.

त्रिएस्तेसारख्या नगरात हे चांगले दिसून येते. तेथे इटालियन, जर्मन आणि स्लोव्हेन बोलणारे लोक एकत्र राहत होते. इंग्रजीतील निश्चित उपपदाचा पाठ घ्यावा. शिक्षक पेन्सिलीकडे बोट दाखवितो, पुस्तकाकडे बोट दाखवितो, आणि उपपदासह नाम उच्चारतो. इटालियन विद्यार्थ्याला यात शिकण्यासारखे फारसे नाही. त्याच्या भाषेत उपपद आहेच. त्याची अडचण निराळी आहे. 'जीवन', 'प्रेम' अशा भाववाचक नामांपूर्वीही तो उपपद योजतो, आणि तेथे इंग्रजी ते योजीत नाही. ही अनुपस्थिती बोटाने दाखविता येत नाही. त्याच बाकावरील स्लोव्हेन विद्यार्थ्याच्या भाषेत उपपदच नाही. त्याला ते काय कार्य करते हेच प्रथम समजावयास हवे. बर्लिट्झच्या पुस्तकात मात्र दोघांसाठी पाठ एकच आहे. मराठीच्या अध्यापकाने हा प्रयोग आपल्या भाषेवर करून पाहावा. 'हे काय आहे?' या प्रश्नाला 'हा खडू आहे', 'ही वही आहे', 'हे पुस्तक आहे' अशी तीन प्रकारची उत्तरे येतात, आणि प्रश्नातील 'हे' मात्र कायम राहते. खडू दाखविता येतो, खडूचे पुल्लिंग दाखविता येत नाही. ज्याच्या भाषेत व्याकरणिक लिंग नाही असा विद्यार्थी कित्येक पाठ अंधारात चाचपडत राहील. त्याच्या भाषेतील एका वाक्याने तो अंधार दूर होतो.

या पद्धतीच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जेथे वर्गात अनेक भाषांचे लोक एकत्र येतात, जसे अमेरिकेत नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या वर्गात, तेथे लक्ष्यभाषेतूनच शिकविणे हा व्यवहार्य आणि न्याय्य मार्ग आहे. शिवाय केवळ शब्दरूपे घोकून घेणाऱ्या शाळांच्या काळात बर्लिट्झच्या वर्गात विद्यार्थी पहिल्या तासापासून बोलत, हे श्रेय लहान नव्हे. परंतु विशिष्ट परिस्थितीतील सोय सार्वत्रिक नियम म्हणून मांडली गेली, हे त्यामुळे नाकारता येत नाही.

स्वतंत्र शाळा काय करू शकते याचे उत्तर हॅरल्ड पामरच्या चरित्रात मिळते. १९०२ मध्ये तो बेल्जियममधील व्हर्व्हिये या गावी बर्लिट्झच्या धर्तीवरील शाळेत शिक्षक म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी त्याने तेथे स्वतःची शाळा उघडली. १९१४ च्या जर्मन आक्रमणापर्यंत तो व्हर्व्हियेलाच राहिला. गाव तेच, विद्यार्थ्यांची भाषा प्रामुख्याने फ्रेंच, आणि पाठ बदलण्यास कोणाची अनुमती घ्यावयाची नव्हती. या अनुभवानंतर १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषाध्यापनाच्या शास्त्रीय अभ्यासावरील ग्रंथात त्याने अर्थबोधाचे चार मार्ग सांगितले : वस्तूशी साक्षात् संबंध, भाषांतर, व्याख्या आणि संदर्भ. भाषांतर येथे इतर तिघांच्या पंक्तीला बसले आहे. ज्याने प्रत्यक्ष पद्धतीच्या शाळेत उमेदवारी केली त्यानेच तिचा मुख्य निषेध बाजूला सारावा, हा योगायोग म्हणता येणार नाही. दहा वर्षे एकाच भाषेच्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहिल्यावर त्यांची भाषा नाही असे समजून वागणे निरीक्षकाला शक्य नव्हते. अर्थात् पामरच्या शाळेला शाखा निघाल्या नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे.

पुढील काळात जाळ्याचा बंध बदलला. जॉन आणि ब्रिटा हेक्राफ्ट या दांपत्याने १९५३ मध्ये स्पेनमधील कॉर्दोबा येथे शाळा काढली, १९५९ मध्ये लंडनला, आणि त्यांतून 'इंटरनॅशनल हाउस' हे संलग्न शाळांचे मंडळ वाढले. शाळांचे मालक निरनिराळे, पण १९६२ मध्ये सुरू झालेला अल्पमुदतीचा शिक्षक-प्रशिक्षणवर्ग हा त्यांना जोडणारा मोठा दुवा झाला. केंब्रिजच्या परीक्षामंडळाचे, पूर्णवेळ केल्यास सामान्यतः चार आठवड्यांत पुरे होणारे, आजचे प्रमाणपत्र याच परंपरेतील आहे. एका पुस्तकाच्या गुलामगिरीतून शिक्षक येथे सुटला, वर्गाचे निरीक्षण करावयास शिकला. ही प्रगती खरी आहे. परंतु कोणत्याही देशात जाण्यास चार आठवड्यांत सिद्ध होणारा शिक्षक त्या देशाची भाषा घेऊन जाऊ शकत नाही. एकभाषिक अध्यापनच श्रेष्ठ आणि मातृभाषकच आदर्श शिक्षक, या दोन समजुतींना रॉबर्ट फिलिप्सनने १९९२ मध्ये भ्रम म्हटले, आणि त्यांचे सूत्र त्याने १९६१ च्या मकेरेरे परिषदेतील शिफारशींत शोधले. राजकीय दृष्टीने ते योग्य असेल. पण सरकारांनी या समजुती स्वीकारण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ खाजगी शाळांच्या शाखांनी त्यांवर आपला हिशेब बसविला होता.

या हिशेबात जॉइसचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. त्याला इटालियन उत्तम येत होते. त्रिएस्तेची बोलीही त्याने आत्मसात केली, इतकी की ती त्याच्या घरची भाषा झाली. म्हणजे काही वर्षांतच तो नेमका हवा तसा द्विभाषिक शिक्षक बनला होता. शाळेत या ज्ञानाला स्थान नव्हते. तेथे त्याचे मोल केवळ इंग्रजी मातृभाषक म्हणून होते. १९०७ मध्ये त्याने ती शाळा सोडली आणि तो घरोघरी जाऊन खाजगी शिकवण्या करू लागला. त्या शिकवण्यांतील एक विद्यार्थी एत्तोरे श्मित्झ, म्हणजेच कादंबरीकार इतालो स्वेव्हो, हा होता.