स्फटिकांच्या गुणधर्मांचे संगणकीय भाकीत : एक चिकित्सा

पदार्थाचे गुणधर्म बव्हंशी त्याच्या स्फटिकरचनेवर अवलंबून असतात. रचनेवरून गुणधर्म काढण्याची पुंजयांत्रिकीय गणना वेळखाऊ आहे. २०१८ मध्ये तिआन शी व जेफ्री ग्रॉसमन यांनी अणूंना बिंदू आणि बंधांना रेषा मानणारे न्यूरल नेटवर्क मांडले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडने याच मार्गाने २२ लाख नव्या रचना शोधल्याचा आणि त्यांपैकी सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर असल्याचा दावा केला.

येथे ‘स्थिर’ या शब्दाची चिकित्सा आवश्यक ठरते. निरपेक्ष शून्य तापमानाला स्पर्धक संयुगांपेक्षा ऊर्जा कमी, एवढाच त्याचा अर्थ. ते संयुग भट्टीत तयार होईल की नाही, हे त्यातून कळत नाही. नावीन्य, विश्वासार्हता व उपयुक्तता या तिन्ही कसोट्यांना उतरणारी संयुगे या यादीत क्वचितच आढळतात, असा आक्षेप अँथनी चीथम व राम शेषाद्री यांनी २०२४ मध्ये घेतला. प्रत्यक्षात काही वेळा एकाच स्थानी दोन मूलद्रव्ये विखुरलेली असतात. गणना त्यांना क्रमबद्ध मानते आणि जुनेच संयुग नवे म्हणून मोजले जाते.

चाकणच्या उद्योगासाठी हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तेथे तयार होणाऱ्या महिंद्रच्या विद्युत मोटारींच्या बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट असते. १९९७ मध्ये पाढी, नंजुंदस्वामी व गुडइनफ यांनी पुढे आणलेले हे संयुग मुळात विजेचे मंदवाहक आहे. कण सूक्ष्म करून त्यांवर कार्बनचा थर दिल्यावरच ते उपयोगी ठरले. केवळ आदर्श स्फटिकाच्या वाहकतेवरून निवड झाली असती, तर ते यादीच्या तळाशी गेले असते. कणांचा आकार, पृष्ठभाग व प्रक्रिया यांची नोंद रचनेच्या आलेखात नसते.

याचा अर्थ ही पद्धती त्याज्य आहे, असा नव्हे. प्राथमिक चाळणी म्हणून तिचे मोल निर्विवाद आहे. मात्र प्रशिक्षणातील संयुगांची भावंडेच चाचणीत ठेवली, तर त्रुटी फसवी अल्प दिसते. म्हणून पिंपरी-चिंचवड परिसरातील महाविद्यालयीन प्रकल्पांचे मूल्यमापन करताना अचूकतेच्या आकड्याआधी चाचणी कोणत्या संयुगांवर झाली, हे विचारले जावे. आणि भाकितातील निदान एक तरी संयुग प्रयोगशाळेत तयार करून क्ष-किरण विवर्तनाने तपासले जावे.