चकमक आणि एन्काउंटर

येलहंक्यात बसून कन्नडमधून मराठीत अनुवाद करताना मला सर्वांत जास्त अडवणारा शब्द कन्नड नाही, इंग्रजी आहे: एन्काउंटर. मूळ इंग्रजीत त्याचा अर्थ गाठ पडणे, सामोरे येणे. बंदूक त्यात असेलच असे नाही. ती आपल्याकडे आली. मुंबईत ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, आणि पुढच्या दोन दशकांत हा शब्द मराठीत घरचा झाला.

पोलिसी मराठीत त्याला प्रतिशब्द आहे ‘चकमक’. हा मूळ तुर्की, फारसीच्या वाटेने आलेला, अर्थ गारगोटी. ठिणगीसाठी गारेवर पोलाद आपटावे लागते, म्हणून चकमकीला दोन बाजू हव्यातच. कन्नडमध्येही ‘गुंडिन चकमकि’ म्हणतात, तेव्हा गोळ्या दोन्हीकडून सुटलेल्या असतात.

आता व्याकरण पाहा. चकमक ‘दोघांत’ होते, ती ‘झडते’. एन्काउंटर मात्र ‘त्याचा’ होतो, आणि तो कोणीतरी ‘करतो’. कन्नड बोलीतही ‘एन्काउंटर माडिदरु’, म्हणजे ‘केला’. निवेदनात पोलिस चकमक लिहितात. नाक्यावरचा माणूस षष्ठी वापरून एका बाजूचा कर्ता आणि दुसऱ्या बाजूचे कर्म उघड करतो. उसन्या शब्दाला बोलीने जे व्याकरण दिले, त्यात तिचा संशय नोंदलेला आहे. पण त्याच वाक्यात बेफिकिरीही आहे, ‘बरे झाले’ असा सूर आहे. ‘अब तक छप्पन’ (२००४) या चित्रपटाच्या नावात तर नुसता आकडाच उरला.

मुंबईतल्या १९९५ ते १९९७ दरम्यानच्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू, यांवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करा. म्हणजे गोळी दोन्हीकडून सुटली की एकीकडून, हे तपासाने ठरायचे आहे.

अनुवादक ते आधीच ठरवून बसतो. ‘चकमकीत ठार’ लिहिले की मी पोलिसांच्या बाजूने साक्ष दिली. म्हणून पात्राच्या तोंडी मी एन्काउंटरच ठेवते, सरकारी निवेदनात चकमक, तीही ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’. निवेदकाला मूळ लेखकाने कौल दिलेला नसेल, तर ‘पोलिसांच्या गोळीने मेला’. वाक्य रुक्ष होते, पण गोळी कोणाची हे त्यात राहते.