पुलावरचा माणूस आणि फराळाचा डबा

दिवाळी तोंडावर आलेली असताना मी नाताळच्या एका अमेरिकन सिनेमावर बोलणार आहे. कारण सांगतो. सणात मन दुखतं तेव्हा काय करायचं, या प्रश्नावर या सिनेमाचं उत्तर कायम दिलं जातं. मला वाटतं, लोक त्यातलं चुकीचं उत्तर उचलतात.

सिनेमा आहे ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’, १९४६ सालचा, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. मूळ कथा फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न यांची. ती कुणी छापेना, म्हणून त्यांनी १९४३ च्या नाताळात तिच्या प्रती स्वतः छापून ओळखीच्यांना शुभेच्छापत्रासारख्या वाटल्या. सिनेमाही सुरुवातीला फारसा चालला नाही. १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, मग टीव्हीवाल्यांनी दर नाताळात तो दाखवायला सुरुवात केली आणि तो घराघरांत पोचला. घरच्यांनी मिळून बघायचा गोड सिनेमा अशी त्याची ख्याती झाली.

आता गोड म्हणजे बघा. नाताळची आदली संध्याकाळ. जॉर्ज बेली छोट्या गावात गृहकर्जाची संस्था चालवतो. त्याच्या काकाच्या हातून संस्थेचे ८,००० डॉलर हरवलेत, उद्या तुरुंग दिसतोय. तो घरी येतो. झाड सजवलेलं, एक मुलगी पियानोवर नाताळचं गाणं घोटतेय, मुलगा स्पेलिंग विचारतोय, धाकटीला ताप. आणि हा बाप सगळ्यांवर ओरडतो. मुलीच्या बाईंवर फोनवर खेकसतो, वस्तू फोडतो. मग बाहेर पडतो आणि पुलावर जाऊन उभा राहतो. हा प्रसंग मला सिनेमातला सगळ्यात खरा वाटतो. सणाने त्याचं दुःख निर्माण केलेलं नाही. सणाने फक्त ते लपवायची जागा काढून घेतली. एरवी माणूस ऑफिसात, कामात दडून राहतो. सणाच्या दिवशी सगळे तोंडाकडे बघत असतात.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. क्लॅरेन्स नावाचा देवदूत येतो, तू जन्मलाच नसतास तर गाव कसं झालं असतं ते दाखवतो. भाऊ लहानपणीच बुडाला असता, गाव सावकाराच्या घशात गेलं असतं. आणि बायको? ती अविवाहित ग्रंथपाल झाली असती! हे सिनेमा मोठी आपत्ती म्हणून दाखवतो. (हशा) हसा, पण हा त्यातला खरोखर कच्चा दुवा आहे.

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. आधीच्या प्रसंगात सावकार पॉटर जॉर्जला ऐकवतो, की तुझ्या विम्याचा हिशेब केला तर तू जिवंतपणापेक्षा मेलेला जास्त किमतीचा आहेस. त्यावर देवदूत काय करतो? तोही हिशेबच मांडतो! पॉटरची वही डॉलरची, याची उपकारांची. मग ज्याने कुणाला बुडताना वाचवलं नाही, जो आजारी आहे, ज्याची आज कुणाला गरज नाही, त्याने काय करायचं? उपयोगी असशील तर जग, ही सांत्वना नव्हे बरं का, ही अट झाली. “इतरांकडे बघ, तुझं किती चांगलं चाललंय” हे आपण दिवाळीत सहज बोलतो, ती याचीच धाकटी बहीण.

पण सिनेमा त्याच्या देवदूतापेक्षा शहाणा आहे. जॉर्ज घरी परततो तेव्हा आनंदात आहे, पण पैसे अजून मिळालेले नाहीत, अटकेचा कागद दारात आहे. अडचण सोडवते मेरी, त्याची बायको. जॉर्ज स्वतः सांगत नाही. ती गावात जाऊन सांगते की तो संकटात आहे. बस. कुणी कारण विचारत नाही, लोक खिशात असेल ते घेऊन येतात.

हे आपल्याला परकं नाही. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलंय, तिथे अनेक ठिकाणी कढई चढत नाही. शेजारचे, नात्यातले फराळाचे डबे आणून ठेवतात. “आता हसा” असं कुणी म्हणत नाही. डबा ठेवतात, थोडा वेळ बसतात. भाऊ नसलेली बहीण भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. म्हणजे रीत उणीव नाकारत नाही, तिच्यासाठी ताटात जागा ठेवते. अडचण अशी, की आपण ही जागा मृत्यूपुरतीच ठेवली. नोकरी गेलेल्याच्या, घटस्फोट झालेल्याच्या, मुलं परदेशी असलेल्यांच्या दारी डबा जात नाही. तिथे फक्त शुभेच्छांचा मेसेज जातो.

म्हणून सिनेमा जरूर बघा, पण देवदूताकडे नको, मेरीकडे बघा. यंदा एक डबा अशा घरी न्या. आणि पुलावर तुम्हीच उभे असाल, तर घरात कुणाला तरी सांगा. ते जमत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन लावा. सांगणं म्हणजे सण नासवणं नव्हे.

थांबतो.