रणहेतू आणि वाङ्मय

दूरच्या युद्धात राष्ट्रे का उतरतात, याचे उत्तर इतिहासकार तहनाम्यांत शोधतो. शिपाई का उतरतो, हे मात्र वाङ्मयालाच विचारावे लागते. या दोन प्रश्नांची गल्लत कोरियाच्या युद्धासंबंधी (१९५०-५३) विशेष झालेली आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखाली १६ देशांनी तेथे लढाऊ सैन्य धाडले. साम्यवादास आळा घालण्याचा घोष एक, हेतू मात्र निरनिराळे. तुर्कस्तानास उत्तर अटलांटिक करारसंघटनेत प्रवेश हवा होता. तो १९५२ साली मिळाला. इथिओपियास १९३५ सालचे इटलीचे आक्रमण आणि राष्ट्रसंघाची तेव्हाची हतबलता विसरणे शक्य नव्हते. भारताने केवळ वैद्यकीय पथक पाठविले. युद्धविरामानंतर तटस्थ आयोगाचे अध्यक्षपद थिमय्यांकडे, तर कैद्यांच्या रक्षक दलाचे आधिपत्य मराठी सेनानी थोरात यांच्याकडे आले.

त्यांच्या ताब्यात मायदेशी परतण्यास नकार देणारे २२,००० हून अधिक चिनी व उत्तर कोरियाई कैदी होते. चिनी सैन्याचे अधिकृत नाव ‘स्वयंसेवक’. भाषांतरकाराने हा शब्द सरळ मराठीत आणला, तर तो उपरोध होतो. ज्यांनी स्वेच्छेने युद्ध पत्करल्याचे सांगितले गेले, त्यांतील हजारोंनी घर नाकारले! परंतु या नकारावरही भाबडेपणाने विश्वास ठेवता येत नाही. छावण्यांतील दंडेली आणि दहशत आता सर्वज्ञात आहे. होकार ज्याप्रमाणे लादता येतो, त्याप्रमाणे नकारही लादता येतो.

हा पेच चो इन-हून यांच्या ‘चौक’ (१९६०) या कोरियाई कादंबरीने ओळखला. तिचा नायक उत्तर-दक्षिण दोन्ही नाकारून तटस्थ देशाकडे निघतो. त्याच्या जहाजाचे नाव ‘टागोर’. किनारा गाठण्यापूर्वीच तो समुद्रात नाहीसा होतो. प्रत्यक्षात तटस्थ देश मागणारे ८८ जण १९५४ साली भारतात आले. कादंबरीने वास्तवाशी फारकत घेतली ती नेमकी येथे, आणि तिचे सामर्थ्यही येथेच आहे. मराठी वाचकास यावेळी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मधील (१९३९) हॅर्टा आठवल्यावाचून राहणार नाही. तीही बोटीवरच, दोन किनाऱ्यांच्या मध्ये, समुद्राला मिळते. तथापि एक भेद आहे. हॅर्टाला कोणीही निवड देऊ केली नव्हती; चो यांच्या नायकाला निवड मिळते आणि तीच त्याला पोकळ वाटते. दुसरी शोकांतिका अधिक आधुनिक म्हणावी लागेल.

जबलपूरच्या सदरमध्ये राहणाऱ्यास छावणी हा शेजार असतो. फेब्रुवारी १९४६ मध्ये येथील सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील शिपाई बाहेर पडले, ते वेतन, अन्न, अपमानास्पद वागणूक आणि आझाद हिंद सेनेवरील खटले या सर्वांसाठी एकदम. त्यांतून भाकरी वेगळी काढून देशभक्ती तेवढी शिल्लक ठेवणे, अथवा उलट करणे, दोन्ही अप्रामाणिक ठरेल. युद्धवाङ्मयाच्या समीक्षकाने हीच कसोटी लावावी. जी कृती शिपायाच्या तोंडी राष्ट्राचे एकच कारण घालते, ती घोषणापत्राची जात सांगते. जी त्याची कारणे गुंतलेलीच ठेवते, ती त्याला माणूसपण परत देते.